यमूच्या घराला गिलिअड म्हणू नका

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचं अलीकडे नवं बारसं झालं आहे. ती आता कौटुंबिक कादंबरी राहिली नाही, सामाजिकही राहिली नाही. ती म्हणे मराठीतली पहिली डिस्टोपिया. चर्चासत्रात कुणी तिच्यावर निबंध वाचायला उभं राहिलं की दुसऱ्याच परिच्छेदात 'द हँडमेड्स टेल'वाली मार्गारेट ॲटवुड येते, पाठोपाठ '१९८४'वाला जॉर्ज ऑर्वेल येतो, आणि कादंबरीची नायिका यमू बिचारी आपल्याच गोष्टीत कोपऱ्यात सरकते. वाचनगटांतून, फोनवरच्या झटपट पुस्तक-परिचयांतून हीच री ओढली जाते. यमूच्या सासरचे शंकरमामंजी म्हणजे बिग ब्रदर. सासू म्हणजे आंट लिडिया. विधवेचं तांबडं आलवण म्हणजे हँडमेडचा लाल झगा. पुण्यातला वाडा म्हणजे ॲटवुडच्या कादंबरीतली हुकूमशाही राजवट, गिलिअड. समीकरण मांडून झालं की टाळ्या पडतात. कादंबरी वाचली का, हे कुणी कुणाला विचारत नाही.

या मताचा युक्तिवाद त्याच्या पुरस्कर्त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडून पाहू. डिस्टोपियात माणसाच्या देहावर, जिभेवर आणि मनावर पुरता ताबा मिळवलेली व्यवस्था असते. यमूचं लग्न तिला लग्न म्हणजे काय हे कळण्याआधी लागतं. तिनं कुणाशी बोलावं, काय वाचावं, हे दुसरे ठरवतात. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी शब्द बोलायची चोरी. आणि नवरा गेल्यावर डोक्यावरचे केससुद्धा तिचे राहत नाहीत. मग हे '१९८४' नाही तर काय? शिवाय असं वाचलं की जुनाट वाटणारं पुस्तक तरुण पोरांना जवळचं वाटतं, आणि आपलं साहित्य जागतिक पंगतीला बसतं. एका दगडात तीन-चार पक्षी.

या दगडानं पक्षी एकही पडलेला नाही. दगड लागला आहे तो कादंबरीला.

हरिभाऊंनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांच्या मालेला एक नाव दिलं होतं: 'आजकालच्या गोष्टी'. उद्याच्या नव्हे, परमुलखातल्या नव्हे, आजकालच्या. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि यमूची गोष्ट त्यात क्रमशः छापायला घेतली. १८९३ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. म्हणजे ज्या घरातली ही गोष्ट, त्याच घरात ती दर आठवड्याला जात होती. ओटीवर बसून अंक वाचणारा गृहस्थ आणि कादंबरीतला गृहस्थ यांच्यात फार तर एका भिंतीचं अंतर होतं. ती चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढीच दुरुस्ती. पण तेवढ्यावरून पुण्यात रान पेटलं. सभा उधळल्या गेल्या, 'केसरी'नं कायद्याविरुद्ध लेखणी परजली, आगरकरांच्या 'सुधारका'नं बाजू लढवली. या धुमाळीत एक तरुण संपादक एका मुलीच्या तोंडून तिच्या घराची हकीकत सांगत होता, आणि वाचकाला शीर्षकातच टोमणा मारत होता. तो टोमणा कुणाला होता? गिलिअडच्या कमांडरला? तो होता समोर अंक धरून बसलेल्या माणसाला.

डिस्टोपियाचं इंजिन भीतीवर चालतं, हे असं होऊ शकेल या भीतीवर. हरिभाऊंची तक्रार वेगळी आहे. हे होतंच आहे, तुमच्या डोळ्यांदेखत होतंय, आणि तुम्ही लक्ष देत नाही. पहिल्या प्रकारात वाचक संभाव्य बळी असतो, दुसऱ्यात तो साक्षीदार असतो, आणि बहुतेक वेळा साथीदारही. यमूच्या गोष्टीला डिस्टोपिया म्हटलं की वाचकाची आरोपीच्या पिंजऱ्यातून अलगद सुटका होते आणि तो बळींच्या बाकावर जाऊन बसतो. डिस्टोपियाच्या या भिंगाची किमया इतकी सोयीची आहे की ती लोकप्रिय का झाली याचं नवल वाटायला नको.

आता त्या भिंगातून काय दिसत नाही ते पाहू. सगळ्यात आधी कायदा.

डिस्टोपियाचा डोलारा राज्यसत्तेवर उभा असतो. ऑर्वेलच्या पक्षाला विचारांचे पोलीस लागतात, कोठड्या लागतात, १०१ नंबरची खोली लागते. ॲटवुडच्या गिलिअडला घटना गुंडाळून ठेवावी लागते, बायकांची बँकखाती एका फटक्यात गोठवावी लागतात, भिंतीवर प्रेतं टांगावी लागतात. यमूच्या पुण्यात काय होतं? विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. यमूची गोष्ट छापून येऊ लागली तेव्हा तो कायदा चौतीस वर्षांचा होता. बायकांचं केशवपन करा असं सांगणारं कुठलंही फर्मान नव्हतं. केस राखणाऱ्या विधवेच्या घरावर जप्ती येत नव्हती. मुलींनी शिकू नये असा नियम नव्हता. उलट पुण्यात मुलींची शाळा होती, सरकारचा तिला पाठिंबा होता. कायदा परवानगी देत होता आणि घर देत नव्हतं. इथे बिग ब्रदर कोण? कलेक्टर? तो तर, हवं तर, तुमच्या बाजूनं कागद करून द्यायला तयार होता!

एक खटला मात्र माझ्याविरुद्ध पुढे करता येईल, तो रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी नवऱ्याकडे नांदायला जायला तयार नव्हती. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी यानं मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला; मग अपील झालं, आणि १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. इथे राज्यसत्तेचा हात होता, हे कबूल. पण पुढचं वाचा. वैवाहिक हक्क परत मिळवून देण्याचा तो दावा मुळात इंग्लंडच्या कायद्यातून इथे आलेला. आणि ज्या माउलीच्या घरी रखमाबाई ठाम उभ्या राहिल्या, ती त्यांची आई स्वतः पुनर्विवाहित विधवा होती. त्यांचं कुटुंब सुतार समाजातलं. त्या समाजात विधवेचं दुसरं लग्न होऊ शकत होतं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. कुठल्या डिस्टोपियाची नायिका अशी खटला मिटवून, बोटीत बसून, वैद्यकाचं शिक्षण घेऊन परत येते?

भिंगातून न दिसणारी दुसरी, जास्त अडचणीची गोष्ट इथेच आहे: जात. डिस्टोपियाला भिंत लागते आणि भिंतीच्या आत सगळेच कोंडलेले असावे लागतात. निदान पलीकडचं जग दूर, कॅनडाच्या हद्दीपल्याड असावं लागतं. यमूच्या घरापासून पलीकडचं जग किती लांब होतं? कित्येक जातींत विधवेचा पाट लागत होता, मोहतूर होत होता. ब्राह्मणाच्या वाड्यात भांडी घासायला येणारी बाई नवरा मेल्यावर दुसरा करू शकत होती, आणि आतली सून डोकं भादरून अंधारात बसत होती. दोघी एकाच मागच्या अंगणात रोज समोरासमोर येत होत्या. भांडी घासणारीच्या वाट्याला दुसरी दुःखं होती, दारिद्र्य होतं, विटाळ होता, मार होता. तिचा स्वर्ग होता असं कोण म्हणेल? पण 'सर्व स्त्रिया कोंडलेल्या' हे डिस्टोपियाचं चित्र इथे साफ खोटं ठरतं. यमूची कोंडी ही तिच्या जातीनं मिरवलेली प्रतिष्ठा होती. विधवेचं डोकं हा घराण्याच्या शुद्धतेचा दाखला होता. या अत्याचाराचा अभिमान बाळगला जात होता, आणि खालच्या मानलेल्या जातींतली वर चढू पाहणारी घरं त्याचं अनुकरण करत होती. गिलिअडचं लेबल लावलं की जात पुसली जाते आणि उरते फक्त 'बाई'. आजच्या वरच्या जातीतल्या वाचकाला हे सोयीचं आहे, हा निव्वळ योगायोग समजायचा का?

आणि वस्तरा धरणारा हात? तोही त्या घरातला नव्हता. १८९० मध्येच मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचं वपन यापुढे करायचं नाही असं ठरवलं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. ज्यांना धर्मानं कनिष्ठ ठरवलं त्यांना त्या बायकांची दया आली, आणि ज्यांच्या त्या लेकी-सुना होत्या त्यांना धर्म आठवला. हा तपशील कुठल्या डिस्टोपियात बसवणार? ऑर्वेलच्या लंडनमध्ये छळघरातल्या नोकरांनी सभा घेऊन काम बंद केल्याचं मला आठवत नाही.

बिग ब्रदरचं मात्र नीट पाहायला हवं, कारण सगळ्या समीकरणांत तेच लाडकं आहे. शंकरमामंजी दांभिक आहेत, क्रूर आहेत, वरून सोवळे आणि आतून ओंगळ आहेत. यमूच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन होतं, त्या प्रसंगाची चीड पुस्तक मिटल्यावरही उतरत नाही. पण शंकरमामंजी सत्तेच्या शिखरावर बसलेले आहेत का? त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी आहे, आणि त्या कुणाच्याही डोक्यावर आणखी कुणी. या सत्तेला शेंडाच नाही. ती आडवी पसरलेली आहे, आळीभर, जातभर. लोक काय म्हणतील हे विचारणारा माणूस स्वतःच त्या लोकांतला एक असतो.

'करमणूक' निघालं त्याच वर्षातला पुण्याचा एक चहा आठवा. ऑक्टोबर १८९० मध्ये ख्रिस्ती पंचहौद मिशनच्या व्याख्यानानंतर पुण्यातल्या प्रतिष्ठितांपुढे चहाचे पेले ठेवले गेले. कुणी घोट घेतला, कुणी पेला बाजूला सारला. मग नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. त्या यादीत रानडे होते आणि टिळकही होते. एक सुधारकांचा अध्वर्यू, दुसरा त्यांचा कट्टर प्रतिपक्षी. दोघांनाही प्रायश्चित्ताच्या मार्गानं जावं लागलं. चहाच्या पेल्यासाठी! कुठला कमांडर त्यांना हुकूम सोडत होता? कुठल्या पडद्यातून कोण पाहत होतं? पाहत होते भाऊबंद, शेजारी, आप्त, घरातल्या बायका. रानड्यांची १८७३ सालची गोष्ट तर याहून बोलकी. विधवाविवाहाचा हिरिरीनं पुरस्कार करणारा हा एकतीस वर्षांचा विद्वान. पहिली पत्नी वारली, आणि वडिलांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न ठरवलं. रानड्यांनी मान तुकवली. तुरुंगाचं भय नव्हतं, नोकरीचं नव्हतं. बापाला दुखवायचं कसं, एवढाच प्रश्न होता. हुकूमशहाचा द्वेष करता येतो. बापाचं काय करायचं? कौटुंबिक कादंबरी इथून सुरू होते, आणि डिस्टोपियाला इथली पायरी चढताच येत नाही.

त्या अकरा वर्षांच्या मुलीचं माहेरचं नाव यमुना कुर्लेकर. पुढे त्या रमाबाई रानडे झाल्या. हे सांगायचं कारण, समीकरणवाल्यांचा नावाचा मुद्दा. ॲटवुडच्या नायिकेचं नाव काढून घेतात, तिला मालकाच्या नावानं ओळखतात. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलत. म्हणजे झालं की गिलिअड. त्यातल्या त्यात हा मुद्दा वजनदार आहे, म्हणून तो तपासू. ऑफ्रेड आपलं जुनं नाव मनात गुप्तधनासारखं जपते, कारण तिला 'आधीचं' जग आठवतं. तिला नोकरी होती, मूल होतं, आवडता नवरा होता. राजवट आली आणि ते गेलं. कुर्लेकरांच्या यमुनेला 'आधीचं' काय होतं? नाव बदलणं हे तिच्या लेखी लग्न होणंच होतं. आणि पुढे काय झालं? सासरी मिळालेल्या नावानंच तिनं लिहिलं, सेवासदन उभं केलं, आणि त्याच नावानं तिला महाराष्ट्र ओळखतो. कल्याणच्या आणखी एका यमुनेला नवऱ्यानं आनंदी केलं. ती १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. नाव बदलण्याची चाल बरी होती असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की काढून घेणारा आणि देणारा हात इथे एकच आहे, आणि ही गाठ सोडवायला डिस्टोपियाकडे बोटं नाहीत.

सासवांचंही तेच. आंट लिडिया राजवटीची पगारी नोकर आहे. काठी घेऊन बायकांना शिस्त लावणं हे तिचं काम. रमाबाईंच्या आठवणी वाचा. नवरा शिकवतो आणि घरातल्या बायका छळतात. सकाळी ज्यांच्या हाताखाली सोवळ्यानं स्वयंपाक करायचा, त्यांचेच टोमणे इंग्रजी शिकते म्हणून दिवसभर ऐकायचे; रात्री नवऱ्याजवळ पुस्तक उघडायचं आणि पुन्हा पहाटे त्याच बायकांच्या राज्यात उतरायचं. या बायकांना पगार कोण देत होतं? त्यांतल्या काही स्वतः बालविधवा होत्या. ज्या चुलीपुढे त्यांची उमर जळाली, त्याच चुलीपाशी नवी पोर पुस्तक घेऊन बसते, हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांचा छळ आणि त्यांचं दुःख वेगळं काढता येत नाही. हरिभाऊंना हे ठाऊक आहे. त्यांच्या बायका चहाड्या करतात, कुढतात, आणि त्याच बायका आजारपणात रात्रभर उशाशी बसतात. भिंग लावणाऱ्याला उशाशी बसलेली बाई दिसत नाही, कारण ती समीकरणात बसत नाही.

लाल रंगाची जुळणी तर नुसती दृष्टिभूल आहे. हँडमेडचा झगा लाल असतो, कारण तिची कूस राज्याला हवी असते. जन्मदर घसरलेल्या देशात ती सरकारी ठेव आहे. विधवेचं आलवण तांबडं असतं, कारण तिची कूस आता कुणालाच नको असते, नव्हे, तिची धास्ती असते. एकीला पिंजऱ्यात ठेवून पोसतात, दुसरीला अर्ध्या पोटावर काढतात. एकीला विधीसाठी पुढे आणतात, दुसरीला विधीच्या वेळी आत जा म्हणतात. रंग जुळला म्हणून अर्थ जुळला असं मानणाऱ्यानं साड्यांचं दुकान काढावं. टीका करू नये.

आता ज्या भागावरून हे समीक्षक पाय न टेकवता उडी मारतात, तिथे थोडं थांबू. कादंबरीत मुंबईचं बिऱ्हाड आहे. पुण्याच्या घरातून सुटून यमू आणि रघुनाथराव तिथे येतात. ज्या नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती, त्याच्याशी ती बोलू लागते, वाचू लागते, चार सुधारलेल्या माणसांत वावरू लागते. स्वयंपाकघरातली तारांबळ आहे, थट्टा आहे, रुसणं आहे. मराठी कादंबरीत नवरा-बायकोच्या सख्याचं इतकं निर्भेळ चित्र त्याआधी नव्हतं. यमूनं रघुनाथरावांना निवडलं नव्हतं. बाहुल्या खेळायच्या वयात दोघांची गाठ मारली गेली होती. तरी तिचं त्यांच्यावर प्रेम आहे, खरंखुरं, मोठ्या बाईचं प्रेम. तिच्याच बालमैत्रिणीच्या, दुर्गीच्या, वाट्याला त्याच रीतीनं नालायक नवरा आला आणि तिच्या जन्माची माती झाली. रीत एक, विधी एक, भटजीही कदाचित एकच. एकीला रघुनाथराव मिळाले, दुसरीला नरक.

डिस्टोपियात प्रेमाला दोनच जागा असतात. एक तर ते बंड असतं, विन्स्टन आणि ज्युलियासारखं चोरून केलेलं. नाही तर ती राजवटीनं घातलेली भूल असते. यमूचं प्रेम बंड नाही, ते अग्नीच्या साक्षीनं आणि वडीलधाऱ्यांच्या संमतीनं आलेलं आहे. मग भिंगवाले दुसरा पर्याय उचलतात: यमूला भूल पडली, तिला स्वतःची गुलामी कळली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी खुर्चीत बसून एका बाईला तिचं सुख खोटं होतं असं सांगायचं, हा कुठला स्त्रीवाद? आणि या सुखालाच खोटं ठरवलं तर पुढचं दुःख कशाचं? रघुनाथराव जातात तेव्हा यमूचं जे तुटतं, ते त्या मुंबईच्या दिवसांमुळे तुटतं. ज्या रीतीनं तिला ते दिले, तीच रीत त्यांच्या नावानं तिचे केस मागते. ही वीण इतकी घट्ट आहे की एक धागा ओढला की सगळं वस्त्र येतं. भिंगवाले तो कापून फक्त काळा तुकडा दाखवतात आणि म्हणतात, बघा किती काळोख!

गंमत अशी की ॲटवुडबाईंनी हा प्रकार आधीच ओळखला होता. 'द हँडमेड्स टेल' १९८५ साली आली. तिच्या शेवटी एक परिशिष्ट आहे: २१९५ सालची विद्वानांची परिषद. गिलिअड केव्हाच संपलं आहे. केंब्रिजचे एक प्राध्यापक त्या बाईच्या सापडलेल्या कॅसेटींवर निबंध वाचतात. ते विनोद करतात, श्रोते हसतात. बाईनं राजवटीच्या कारभाराबद्दल आणखी माहिती द्यायला हवी होती अशी त्यांची तक्रार असते. गिलिअडवर नैतिक निवाडा देण्याची घाई करू नये असं ते बजावतात. एका बाईनं जीव मुठीत धरून सांगितलेली हकीकत त्यांच्या हातात अभ्यासाचा नमुना होऊन बसते. आता मला सांगा, आपल्या चर्चासत्रांत यमूचं जे चाललं आहे ते याहून वेगळं काय आहे? ॲटवुडचं नाव घेणाऱ्यांनी तिचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं असतं, तर निबंध वाचताना थोडी लाज वाटली असती.

त्याच बाईंनी वारंवार सांगितलं आहे की माणसांनी कुठे ना कुठे, केव्हा ना केव्हा केलेलं नाही असं काहीही आपण त्या पुस्तकात घातलेलं नाही. म्हणजे गिलिअड हे इतिहासाकडून उसनं घेऊन बांधलेलं आहे. सावकाराची ओळख कुणी कुळाच्या नावानं करून देतं का? हरिभाऊंची कादंबरी त्या पुस्तकाच्या नव्वदहून अधिक वर्षं आधीची. तिला जागतिक पंगतीत बसवायचं म्हणून तिच्या गळ्यात परक्या पुस्तकाचा बिल्ला अडकवायचा, यात गौरव कसला? हा तर पाहुण्यांपुढे आईचं लुगडं बदलायला लावण्याचा प्रकार झाला.

राहता राहिली तरुण वाचकांची सबब. आजच्या मुलांना यमू कळणार नाही, गिलिअडची मालिका पाहिलेली असते म्हणून तेवढं कळेल, असं प्राध्यापक मंडळी सांगतात. पोरांना इतकं बावळट कुणी ठरवलं? घरी स्थळं येत असलेल्या मुलीला 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय' या वाक्याचं वजन कळायला कॅनडाच्या लेखिकेची गरज नाही. लग्नाच्या जाहिरातींत आजही जात आणि पोटजात छापून येते. ती वाचणाऱ्या मुलाला ग्रामण्य समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. त्याला अडचण येते ती शंभर वर्षांपूर्वीच्या शब्दांची, चालीरीतींची. त्यासाठी टीपा असलेली चांगली, परवडणारी आवृत्ती हवी. शिकवणाऱ्यानं सोवळं म्हणजे काय, ग्रामण्य कसं चालायचं, आलवण कुठल्या कापडाचं असायचं, हे सांगायला हवं. हे काम कष्टाचं आहे. मालिकेचं चित्र पडद्यावर टाकणं सोपं आहे.

राजवट पडते, हाही डिस्टोपियाचा एक दिलासा असतो. गिलिअड पडतं, त्यावर परिषदा भरतात. घर पडत नाही. ते हळूहळू, कुरकुरत, मागे-पुढे होत बदलतं, आणि पुष्कळदा बदलल्याचं सोंग आणतं. 'पण लक्षात कोण घेतो' पुस्तकरूपानं आलं त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवेशी लग्न केलं. त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्याच कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तरी केशवपन चालूच राहिलं, विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं. बंद झालं ते कुणा राजवटीच्या पाडावानं नव्हे. एकेका घरात एकेका बाईनं नकार दिला, एकेका बापानं हात आखडता घेतला, तेव्हा झालं.

म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे. ही कादंबरी लावा, जरूर लावा. पण तिच्या शेजारी ताराबाई शिंद्यांचं १८८२ सालचं 'स्त्रीपुरुष तुलना' ठेवा, रमाबाई रानड्यांच्या आठवणी ठेवा, पंडिता रमाबाईंचं लेखन ठेवा, रखमाबाईंची पत्रं ठेवा. ऑर्वेल पुढच्या तासाला वाचा. तो थोर लेखक आहे, त्याला त्याच्या देशातल्या आणि त्याच्या काळातल्या भीतीसाठी वाचा.

आणि तरीही ज्यांना यमूची गोष्ट कुठल्या तरी कल्पित, दूरच्या, दुष्ट राज्यात घडलेली वाटते, त्यांनी मे २०२२ मधला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीचा ठराव पाहावा. नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद करावं, असा तो ठराव आहे. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हाच कित्ता गिरवावा असं कळवलं. सरकार प्रथा बंद करा म्हणत होतं. त्या चालू ठेवणारी माणसं घरातली होती, आणि बांगड्या फोडायला पुढे येत होत्या त्या नात्यातल्याच बायका.